मोटर राहू दे, आधी स्टुलाची उंची बघा

पत्र:

ताई, मी ४३ वर्षांची, नाशिकला राहते. गेल्या वर्षी तीन महिने शनिवार-रविवार वर्गाला जाऊन चाकावर मातीची भांडी करायला शिकले. दिवाळीत एक सेकंडहँड विजेचं चाक घेतलं, इथल्याच एका फॅब्रिकेटरने बनवलेलं, पाव हॉर्सपॉवरचं. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत ठेवलंय. मातीचा गोळा चाकाच्या मध्यावर येतो, पण भांड्याची भिंत वर ओढायला लागले की ती थरथरते, एका बाजूला पातळ होते आणि बसते. अर्ध्या तासात कंबर धरते, डाव्या मनगटात कळ येते. मी डावखुरी आहे, वर्गात बाकी सगळे उजवे होते. चाक थोडं हलतंही. टेप लावून मापं घेतली आहेत : फिरणारी थाळी जमिनीपासून ४० सेंमी, माझं स्टूल ५२. मोटरच्या मागे 'उलट-सुलट' असं लिहिलेलं एक बटण आहे, त्याला मी कधी हात लावलेला नाही. खालच्या मजल्यावरच्या आजी आवाजाची तक्रार करतात. मिस्टर म्हणतात, एक हॉर्सपॉवरचं नवंकोरं चाक घेऊन टाक, कटकट मिटेल. घेऊ का?

— डगमगती, नाशिक

उत्तर:

प्रिय डगमगती,

नको. निदान दोन महिने तरी नको. मिस्टरांचा उत्साह बघून बरं वाटलं. ते पैसे बाजूला ठेवायला सांगा, पुढे भट्टीला लागतील.

तुम्ही मापं दिलीत हे फार छान केलंत. लोक मला भांड्याचे फोटो पाठवतात, स्टुलाचे कुणी पाठवत नाही. तुमची निम्मी तक्रार त्या ४० आणि ५२ या दोन आकड्यांत आहे. थाळी तुमच्या बैठकीपेक्षा १२ सेंमी खाली, म्हणजे सगळा वेळ तुम्ही विहिरीत डोकावल्यासारख्या वाकून बसता. फॅब्रिकेटरने बहुधा कुंभाराचं चाक डोळ्यांसमोर ठेवून ते बुटकं केलं असणार. पण कुंभार जमिनीलगतच्या चाकाशी उकिडवा बसतो. त्याचे गुडघे छातीपाशी असतात आणि कोपरं त्या गुडघ्यांवर टेकलेली. आपण स्टुलावर बसतो, त्यामुळे आपलं गणित वेगळं. बैठक आणि थाळी साधारण एका पातळीत हवी, फार तर बैठक दोन-तीन सेंमी वर. चाकाच्या चारही पायांखाली १० सेंमीचे लाकडी ठोकळे घाला. ठोकळ्यांना वरून खाच मारून घ्या, म्हणजे पाय त्यात बसेल आणि सरकणार नाही. सुताराचं अर्ध्या तासाचं काम आहे.

मग स्टुलाच्या मागच्या दोन पायांखाली पातळ फळीचे तुकडे सरकवा. बैठक पुढे किंचित कलली की कंबर आपोआप सरळ होते, आणि वाकायचंच झालं तर माणूस पाठीतून न वाकता खुब्यातून वाकतो. उजवा पाय पॅडलवर असतो. पॅडल जेवढं उंच तेवढीच वीट डाव्या पायाखाली घ्या, नाहीतर एक खुबा वर, एक खाली, असं तासभर बसणं होतं आणि रात्री दुखतं ते नेमकं एकाच बाजूला. ही वीट मला माझ्या तिसऱ्या वर्षी कुणीतरी सांगितली. त्याआधीची दोन वर्षं मी बाम चोळत होते.

अजून एक : समोरच्या भिंतीला टेकवून एक जुना आरसा जमिनीवर ठेवा. भांड्याची कड बघायला आपण दर अर्ध्या मिनिटाला मान आणि कंबर उजवीकडे मुरडतो, आपल्याला ते कळतही नाही. आरशात कड समोरच दिसते.

आता थरथरणारी भिंत. तुम्ही लिहिता, गोळा मध्यावर येतो आणि भिंत ओढताना बिघडतं. याच वाक्यावर मी थांबले, कारण यात तुमचा डावा हात सापडतो.

आपल्याकडची विजेची चाकं बहुतेक घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. या दिशेत गोळा मध्यावर आणताना जोर असतो डाव्या तळव्याचा. डावं कोपर मांडीला रुतवून, तळव्याच्या टाचेने गोळा आत रेटायचा आणि उजव्या हाताने वरून दाबायचा. म्हणजे जे काम उजव्यांना महिनोन्महिने रडवतं, ते तुम्हाला लवकर जमलं ते तुमच्या डावखुरेपणामुळेच. भिंत ओढायची वेळ आली की मात्र जागा बदलते. ओढणं होतं भांड्याच्या उजव्या बाजूला, घड्याळात तीन वाजलेले असतात तिथे. डावा हात भांड्याच्या आत, उजवा बाहेर. त्या बाजूला माती तुमच्यापासून लांब पळत असते, बोटांखालून निसटून जात असते, त्यामुळे बोटं तिच्यावर नुसती टेकतात. मला जवळजवळ खात्री आहे की तुम्ही सवयीने डावा हात बाहेर ठेवून नऊच्या बाजूला ओढता. तिथे माती तुमच्या बोटांवर चालून येते. प्रत्येक फेऱ्याला ती बोटाला ठेचकाळते, बोट किंचित मागे ढकललं जातं, परत येतं, आणि भिंतीवर त्या ठेचांची लाट उमटते. मनगटाची कळही तिथलीच.

तपासायचं असेल तर घरातल्या कुणाला तरी मोबाईलवर तुमच्या हातांचं चित्रण वरून करायला सांगा. दहा सेकंदांचं पुरे.

माझा अंदाज खरा निघाला तर तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, दिशा तीच ठेवायची आणि उजवा हात बाहेर घालून तीनच्या बाजूला काम करायला शिकायचं. पुष्कळ डावखुरे कुंभारकाम करणारे असंच करतात, कारण चाकावर शेवटी दोन्ही हातांना सारखंच राबावं लागतं. दुसरी, ते 'उलट-सुलट' बटण. (चाक पूर्ण थांबल्यावरच दाबा, फिरतं असताना नाही.) दिशा उलटली की नऊची बाजू तुमची होते, डावा हात बाहेर, उजवा आत. यात काही वावगं नाही. जपानमध्ये परंपरेने चाक घड्याळाच्या दिशेनेच फिरवतात, आणि त्यांच्या भांड्यांना अजून कुणी नाव ठेवलेलं नाही. पण मग गोळा मध्यावर आणायचा जोर उजव्या तळव्याकडे जातो, म्हणजे आज जे जमतंय ते पुन्हा शिकावं लागतं. शिवाय दुसऱ्यांच्या स्टुडिओत गेलात आणि तिथल्या चाकाला असं बटण नसलं तर पंचाईत.

एक रविवार काढा. एकेक किलोचे वीस गोळे मळून ठेवा, दहा एका दिशेने, दहा दुसऱ्या. संध्याकाळी मनगटाला विचारा. तुमच्या जागी मी पहिली वाट धरली असती, कारण तीन महिन्यांची सवय मोडून निघायला सहा महिने लागतात. पण मी उजवी आहे, माझं मत तेवढ्याच भावाने घ्या.

आता चाक. ते हलतं म्हणता, पण काय हलतं? पाय, थाळी की गोळा? आधी मोकळं चाक अगदी हळू फिरवा. एक पेन्सिल विटेवर आडवी ठेवून तिचं टोक थाळीच्या कडेपासून कागदाच्या जाडीएवढं लांब धरा आणि बघत राहा. फट सगळीकडे सारखी राहिली तर थाळी शाबूत आहे. एकाच ठिकाणी टोक घासत असेल तर थाळी वाकडी आहे किंवा बेअरिंग गेलंय. बेअरिंग कुठल्याही मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे बदलून मिळतं. थाळीवर गवंड्याची लेव्हल ठेवून पातळी बघा. गॅलरीच्या फरशीला पाणी वाहून जायला उतार असतोच, आणि ती सपाट नसली की चारपैकी एक पाय अधांतरी राहतो. नाशिकच्या आजींना जो आवाज ऐकू जातो तो बहुधा त्या एका पायाचा. पातळी साधा, ठोकळ्यांखाली जाड रबरी मॅट घाला. दुपारी दोन ते चार चाक बंद ठेवा, आणि पहिली धड वाटी भाजून आली की ती आजींना द्या.

मोटरचं म्हणाल तर पाव हॉर्सपॉवर म्हणजे साधारण १८६ वॅट. स्वयंपाकघरातल्या मिक्सरला ५०० ते ७५० वॅट असतात, त्यामुळे हा आकडा केविलवाणा वाटतो खरा. पण मिक्सर मिनिटाला हजारो फेरे मारतो, आपलं चाक दोन-अडीचशे. पट्टा आणि पुलीने वेग घटतो तेवढा जोर वाढतो. दीड-दोन किलोच्या गोळ्याला हे पुरतं, आणि तुम्ही अजून किलोच्या वर जायचंही नाहीये. खात्री करायची तर दोन किलोचा गोळा मध्यावर घ्या, वेग कमी ठेवा आणि दोन्ही हातांनी चांगला दाब द्या. चीं चीं आवाज आला आणि थाळी अडली तर पट्टा सैल झालाय किंवा त्यावर चिखल उडालाय. पुसा, ताणून घ्या, शंभर-दोनशे रुपयांत नवाही मिळेल. पट्टा गप्प आणि मोटर नुसती घुमत अडली, तरच मोटरचा विचार करायचा. जाहिरातीत जी किलोंची क्षमता छापतात ती मोटरची असते, आपल्या कमरेची नाही.

विजेबद्दल थोडं कडक बोलते. माझं पहिलं चाकही असंच वर्कशॉपमधून करून घेतलेलं होतं, आणि बनवणाऱ्याने तीन पिनांचा प्लग लावला होता पण आत अर्थिंगची वायर जोडलीच नव्हती. ओल्या हाताने लोखंडी सांगाड्याला धरलं आणि खांद्यापर्यंत झटका बसला. आज सुदैवाने सांगायला आहे. इलेक्ट्रिशियनला बोलावून सांगाड्याला अर्थिंग आहे का ते मीटरने तपासून घ्या, घरात ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या, आणि एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर ठेवत असाल तर आजच भिंतीवर चढवा. ओढणी, लांब मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या काम करताना काढून ठेवायच्या.

यंत्र झालं, आता हात. आमच्या गावच्या कुंभारआळीत एक आजोबा होते. त्यांचं चाक जुन्या पद्धतीचं, जड, जमिनीत रोवलेल्या खुंटीवर तोललेलं. काठावरच्या खाचेत दांडा घालून ते पाच-सहा वेळा गरगरा फिरवत, दांडा बाजूला टाकत आणि मातीला हात घालत. चाक सगळ्यात जोरात असे त्या पहिल्या क्षणी, आणि तेवढ्यात ढिगाचा शेंडा मध्यावर आलेला असे. ते पूर्ण ढीग कधी साधायचे नाहीत, वरचा लागेल तेवढाच. मग अंगठा आत, भोक. चाक मंदावत चाललेलं. भिंत वर येई तेव्हा ते निवांत फिरत असे, आणि दोऱ्याने पणती कापायची वेळ आली की जवळजवळ थांबलेलं. वेग कधी किती हवा हे आजोबांना ठरवावंच लागत नव्हतं, चाकच ठरवत होतं.

खादी ग्रामोद्योग आयोगाने २०१८ पासून कुंभारांना विजेची चाकं द्यायला सुरुवात केली, त्यानंतर पुष्कळ आळ्यांतले दांडे कोपऱ्यात गेले. कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण ज्याने दांड्यावर हात बसवलाय त्याला पॅडलवर बघा, पाय तसाच हळूहळू वर येत जातो. आपण वर्गात शिकलेले लोक एकदा पॅडल दाबलं की दाबलंच, स्कूटर हायवेला लागल्यासारखं. गोळा मध्यावर आणताना जोरात ठीक. भोक पाडताना त्याच्या निम्म्यावर या, ओढताना आणखी खाली. वेगात भिंत ओढली की माती बाहेर फेकली जाते, वाटी पसरते, काठ फाटतो. तुमची भिंत 'बसते' त्यात हा वाटा असणारच.

आणि हातांचा वेग चाकाच्या वेगाशी बांधलेला असतो. थाळीचा एक फेरा पूर्ण होतो तेवढ्यात बोटं एक बोटाच्या रुंदीएवढीच वर सरकायला हवीत. त्याहून भरभर गेलात तर भिंतीवर जिन्यासारखा पीळ पडतो आणि जिथे बोट लागलंच नाही तो भाग जाड राहतो. हे सांगून कळत नाही, मोजून कळतं. तोंडाने आकडे म्हणा, दर फेऱ्याला एक. मी अजूनही मोठ्या बरणीला म्हणते, शेजारच्यांना वाटतं बाई पाढे पाठ करते.

हात लावताना आणि काढताना घाई नको. माती मध्यावर असताना हात झटकन उचलला की तेवढ्यानेही ती हलते. दोन्ही हात एकमेकांना कुठेतरी टेकलेले ठेवा, अंगठा अंगठ्याला लागला तरी पुरे, म्हणजे ते एकच हत्यार होतात. पाणी कमी वापरा. नवखा माणूस ओंजळीने पाणी ओततो कारण ओलसर मातीवर हात छान घसरतो. पण पाचव्या मिनिटाला तीच माती पाणी पिऊन शिऱ्यासारखी होते. पाण्यापेक्षा हाताला लागलेला पातळ चिखलच बोटांना लावा, तो जास्त टिकतो. भांड्याच्या आत तळाशी साचलेलं पाणी प्रत्येक ओढीनंतर स्पंजने टिपून घ्या. तीन ओढींत जी उंची मिळाली ती मिळाली, चौथीचा मोह नको. भोक पाडून झालं की तळावर मध्यापासून कडेपर्यंत आणि परत, तीनदा बोट दाबून फिरवा. हे राहिलं तर वाळताना तळाला नागमोडी चीर जाते आणि आपण दोष मातीला देतो.

माती मळण्याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, यावरूनच कळलं की तिथे कमी पडतंय. कणकेसारखी मळायची, पण कणकेला हवा चालते, मातीला नाही. गोळा तारेने मधोमध कापून बघा, आत बुडबुडे दिसले तर अजून पन्नास रेटे. चाकावर भिंतीला अचानक गाठ लागते आणि सगळं डगमगतं, त्यातली निम्मी गाठ इथलीच.

तारेचं निघालंच आहे तर सांगते. पुढचा एक महिना तुम्ही केलेलं प्रत्येक भांडं तारेने उभं कापा. मधोमध, वरपासून खालपर्यंत, आणि दोन्ही फाका शेजारी ठेवून बघा. भिंत कुठे जाड, कुठे पातळ, तळाशी केवढा ढीग उरलाय. एकही भांडं ठेवायचं नाही. घरच्यांना कप हवे असतील तर बाजारातून आणा. गोरोबाकाकांनी सगळ्या संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कोणतं मडकं कच्चं ते पाहिलं, आणि नामदेवांना राग आला. आपल्याला ती परीक्षा स्वतःच घ्यायची आहे आणि रागवायला समोर कुणी नाही, एवढीच सोय. एक किलोच्या मातीत सरळ उभी, सारख्या जाडीची, १५ सेंमीची नळी सलग पाच वेळा निघाली की महिना संपला समजा. वाट्या, फुलदाण्या त्यानंतर.

हत्यारांचा संच विकत घेऊ नका. जुनं एटीएम कार्ड कात्रीने अर्धगोल कापा, कड घासून गुळगुळीत करा, यापेक्षा चांगली पट्टी मी पाहिलेली नाही. गोधडीची सुई बाटलीच्या बुचात खोचा. कापायला मासेमारीचा नायलॉन दोरा आणि त्याच्या दोन टोकांना शर्टाची मोठी बटणं. पैसे घालायचेच तर बॅटवर घाला : १२ मिलिमीटरच्या मरीन प्लायच्या गोल चकत्या, सहा तरी, म्हणजे ओलं भांडं हाताने न उचलता चकतीसकट बाजूला ठेवता येतं. एमडीएफच्या घेऊ नका, दोन पावसाळ्यांत पापडासारख्या फुगतात.

गॅलरीतला राडा. चिखलाचं पाणी मोरीत किंवा बेसिनमध्ये थेंबभरही ओतायचं नाही. पाइपात माती बसली की सोसायटीचा प्लंबर आधी तुमचीच बेल वाजवणार. दोन बादल्या ठेवा. पहिलीत हात-हत्यारं धुवायची, रात्रभर निवळू द्यायची, वरचं नितळ पाणी दुसरीत घेऊन तेच पुन्हा वापरायचं. तळाचा गाळ जुन्या सुती चादरीवर पसरला की दोन दिवसांत मळण्याजोगा होतो. आणि वाळलेली माती झाडूने झाडू नका. तिची बारीक धूळ छातीत जाऊन बसते आणि बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसायचं, नेहमीच.

ठोकळे, वीट, आरसा, पट्टा, आणि तो वीस गोळ्यांचा रविवार. हे करून मग कळवा, कुठल्या दिशेच्या दहा गोळ्यांनी मनगट कमी दुखवलं ते. तोवर मिस्टरांना मळायला बसवा.

— तुमची ताई

ता. क. कंबर आता आधीच दुखरी असेल तर वीस मिनिटांनी उठायचंच, मोबाईलवर गजर लावून. भांडं अर्ध्यावर असलं तरी. एवीतेवी ते कापायचंच आहे.